अक्षर दिसते एक, कॉम्प्युटर वाचतो दुसरे : उर्दू-मराठी टायपिंगच्या रोजच्या अडचणी

उर्दू शाळेतले शिक्षक, मस्जिद-मदरशाच्या ट्रस्टचे कागद सांभाळणारे लोक, आणि घरात 'बेटा, जरा हा अर्ज टाइप करून दे' म्हणून ज्याला हाक पडते तो मुलगा, या सगळ्यांच्या तक्रारी जवळपास सारख्याच असतात. मराठी प्रश्नपत्रिका शाळेत नीट दिसते, पेनड्राइव्हवरून झेरॉक्सच्या दुकानात नेली की तिच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुरा निघतो. इनपेजमधला उर्दू मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला तर काहीच्या काही उमटते. लग्नाच्या दावतनाम्यात मोबाइल नंबर उलटासुलटा होतो. यादीत नाव डोळ्यांना दिसते, पण शोधले तर कॉम्प्युटर म्हणतो सापडत नाही. आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे मुलीचा स्कॉलरशिपचा अर्ज 'नाव जुळत नाही' म्हणून अडकतो.

या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मूळ एकच आहे. आपण अक्षराचा आकार वाचतो, कॉम्प्युटर अक्षराचा नंबर वाचतो. आकार सारखा आणि नंबर वेगळा असेल, तर आपल्यासाठी ते एक अक्षर असते आणि त्याच्यासाठी दोन. ही एक गोष्ट लक्षात आली की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडत जाते.

जुन्या मराठी फॉन्टच्या पोटात काय असते

पूर्वीच्या कॉम्प्युटरला देवनागरी अक्षरांचे नंबर ठाऊकच नव्हते. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांचे नंबर तसेच ठेवायचे आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार बसवायचे. क्रुतिदेव, शिवाजी आणि त्या काळातले बहुतेक फॉन्ट असेच चालतात. क्रुतिदेवमध्ये पडद्यावर 'काम' असा शब्द दिसतो, तेव्हा फाइलच्या पोटात खरे तर डी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नाही, तिथे बिचारा कॉम्प्युटर जे आहे तेच दाखवतो. म्हणजे फाइल बिघडलेली नसते. वरचा मुखवटा तेवढा निघालेला असतो.

त्यातून प्रत्येक कंपनीने आकार आपापल्या मर्जीने बसवले. म्हणून एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या देवनागरी फॉन्टमध्ये नेला तरी भलतेच दिसते.

युनिकोडने हा घोळ संपवला. १९९१ मध्ये आलेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीला स्वतःचे नंबर आहेत आणि उर्दू ज्या लिपीत लिहिली जाते त्या अरबी लिपीलाही आहेत. 'क' चा नंबर मालेगावात जो, तोच दुबईत आणि तोच लंडनमध्ये. विंडोज २००० पासून घरगुती कॉम्प्युटरवर युनिकोड देवनागरी दिसू लागली आणि तिच्यासोबत 'मंगल' फॉन्ट आला. मंगलमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात म्हणून आपल्याकडे अनेकांनी नाक मुरडले. पण ती नुसती आकाराची बाब आहे. फॉन्ट बदलला की मराठी वळण मिळते, नंबर तोच राहतो.

जुन्या फाइली असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात. मात्र आपला फॉन्ट नेमका कोणता ते पाहूनच कन्व्हर्टर निवडावा. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावा, कारण रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे इथेच गडबड होते. कारण साधे आहे. जुन्या टंकलेखनाच्या पद्धतीत 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क' टाइप करत, कागदावर दिसते तसे. युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी, आपण उच्चारतो तसे. वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीने टाइप केलेल्या क्लार्कसाहेबांना युनिकोडवर बसवले की वेलांटीखाली एक ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते आणि ते म्हणतात, 'हे नवीन काही कामाचं नाही.' खरे तर आठवडाभरात बोटे वळतात. आणि एक सांगायचे तर, बदल करून झाल्यावरही मूळ फाइल पुसू नये. तिची एक पीडीएफ काढून सोबत ठेवावी, म्हणजे पुढेमागे शंका आली तर मूळ काय होते ते पाहता येते.

उर्दूचे दुखणे अजून वेगळे

देवनागरीत अक्षरे एका रेषेखाली लटकतात. नस्तालीकमध्ये तसे नाही. शब्द उजवीकडून वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो, प्रत्येक हर्फ शेजारी पाहून आकार बदलतो आणि नुक्त्यांना जागा शोधावी लागते. यंत्राला हे जमत नव्हते म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे कातिबांच्या हातावर चालली. चेन्नईचे 'मुसलमान' हे १९२७ साली सुरू झालेले दैनिक तर एकविसाव्या शतकातही हातानेच लिहिले जात राहिले.

या अडचणीवरचा तोडगा पाकिस्तानचे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी काढला. हर्फ जुळवत बसण्यापेक्षा हजारो जोडरूपे अख्खी हाताने लिहून काढायची आणि तीच यंत्रात भरायची. मोनोटाइप कंपनीबरोबर तयार झालेला हा नूरी नस्तालीक १९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग' दैनिकात वापरला गेला. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज आणले आणि नूरी नस्तालीक गल्लीबोळातल्या डीटीपीच्या दुकानापर्यंत पोचला. उर्दू छपाईवर इनपेजचे फार मोठे उपकार आहेत, हे मान्य करायलाच हवे.

पण इनपेजच्या जुन्या आवृत्त्यांनी मजकूर साठवला तो स्वतःच्या खास पद्धतीने. ती फाइल वर्डमध्ये उघडत नाही, मोबाइलवर उघडत नाही, तिच्यातला शब्द इंटरनेटवर शोधता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे एक सवय पडली : इनपेजमध्ये टाइप करायचे, त्याचे चित्र काढायचे आणि चित्र पाठवायचे. चित्र वाचता येते, पण त्यात शब्द शोधता येत नाही, चूक सुधारता येत नाही, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा वाचून दाखवणारा फोन त्या चित्रापुढे मुका होतो. इनपेज ३ पासून युनिकोडची सोय आली आहे आणि जुन्या इनपेज मजकुराचे कन्व्हर्टरही आहेत. तेव्हा वडिलांच्या गझला, मोहल्ल्याच्या लायब्ररीची यादी, ट्रस्टची जुनी इतिवृत्ते जर एखाद्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पडून असतील, तर तो कॉम्प्युटर चालू आहे तोवरच काढून घ्या. दुकान बंद होते, हार्डडिस्क बसते, सीडी वाचली जात नाही, आणि मग छापील प्रत पाहून सगळे पुन्हा टाइप करण्याशिवाय इलाज राहत नाही. बऱ्याचदा छापील प्रतही हाती लागत नाही.

नव्याने लिहायचे असेल तर इनपेज लागतेच असे नाही. विंडोज ८ पासून 'उर्दू टाइपसेटिंग' नावाचा नस्तालीक फॉन्ट आतच असतो. गूगलचा 'नोटो नस्तालीक उर्दू' आणि लोकांच्या आवडीचा 'जमील नूरी नस्तालीक' हेही युनिकोडचेच आहेत. आयफोनला उर्दूसाठी नस्तालीक मिळाला तो २०१७ मध्ये, आयओएस ११ सोबत. ज्या फोनवर अजून उर्दू अरबी वळणाची, म्हणजे नस्ख दिसते, तिथे मजकूर चुकलेला नसतो, नुसता पोशाख वेगळा असतो. हे घरातल्या बुजुर्गांना एकदा समजावून सांगावे, नाहीतर 'हे उर्दू नाही, अरबी आहे' यावर तासभर जातो.

वर्डमध्ये नस्तालीकची ओळ वरून किंवा खालून कापली जात असेल तर ओळींमधले अंतर 'एक्झॅक्टली' असे बांधलेले आहे का ते पाहा. ते 'सिंगल' किंवा 'मल्टिपल' केले की नुक्ते परत येतात.

कीबोर्ड एकदाच बसवायचा

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर जाऊन मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा जोडाव्यात. मग विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो. मराठीसाठी दोन रस्ते आहेत. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला असतात. शिकायला थोडे दिवस लागतात, पण सगळ्या भारतीय लिप्यांना रचना तीच. ज्याला रोज पाने टाइप करायची आहेत त्याने इनस्क्रिप्टच शिकावे असे आमचे मत आहे. दुसरा रस्ता उच्चाराचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिले की मराठी उमटते. २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीसाठी तो आतच मिळतो. मोबाइलवर जीबोर्डमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. बोलून टाइप करण्याची सोयही चांगली आहे, दादीअम्मांना तीच बरी पडते.

नंबर उलटे का होतात

उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, आणि आकडे मात्र उर्दूतही डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आले की कॉम्प्युटरला ठरवावे लागते की कोण कुठे बसणार. त्यासाठी युनिकोडचे नियम ठरलेले आहेत. अक्षरांना स्वतःची पक्की दिशा असते. पूर्णविराम, कंस, मोकळी जागा यांना स्वतःची दिशा नसते; ते शेजाऱ्याची किंवा अख्ख्या परिच्छेदाची दिशा घेतात. म्हणून परिच्छेद डावीकडून सुरू होणारा ठरलेला असेल आणि त्यात उर्दू वाक्य लिहिले, तर शेवटचे प्रश्नचिन्ह उडी मारून भलत्या टोकाला जाते.

उपाय म्हणजे वाक्य लिहिण्याआधी परिच्छेदाची दिशा ठरवणे. उर्दू कीबोर्ड बसवलेला असेल तर उजवीकडची शिफ्ट आणि कंट्रोल दाबली की दिशा उजवीकडून होते, डावीकडची शिफ्ट आणि कंट्रोल दाबली की डावीकडून. वर्ड आणि नोटपॅड दोन्हींत हे चालते. अनेक जण नुसते मजकूर उजव्या कडेला सरकवण्याचे बटण दाबतात. त्याने ओळ उजवीकडे चिकटते, पण दिशा बदलत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्मा वैताग इथेच आहे.

आता मोबाइल नंबर. आपण दहा आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून पाच-पाच करून मध्ये जागा सोडतो. उर्दू परिच्छेदात त्या मधल्या जागेला उजवीकडून डावीकडची दिशा मिळते. मग पहिले पाच आकडे उजवीकडे बसतात आणि नंतरचे पाच त्यांच्या डावीकडे. वाचणारा आकडे डावीकडून वाचतो, म्हणजे नंबर अर्ध्यात कापून अदलाबदल झालेला वाचतो. दावतनाम्यावर असा नंबर छापला गेला की पाहुणे कुणा तिसऱ्याच माणसाला हॉलचा पत्ता विचारत बसतात. दहा आकडे सलग लिहिले की हा प्रश्न येत नाही. तारखेचेही तसेच आहे. दिवस-महिना-वर्ष यांच्यामध्ये आडवी रेघ टाकली तर उर्दू मजकुरात क्रम उलटू शकतो. तिरकी रेघ टाकावी, किंवा महिन्याचे नाव अक्षरात लिहावे, ते सगळ्यात बरे. एक्सेलमध्ये अख्खे पानच उजवीकडून सुरू करण्याचे बटण 'पेज लेआउट'मध्ये असते.

शोधले तर सापडत नाही

अरबी काफ आणि उर्दू काफ शब्दाच्या मध्ये आले तर दिसायला जवळजवळ सारखे, पण दोघांचे नंबर वेगळे. 'ये'चेही तसेच. 'हे' तर तीन आहेत : अरबी, उर्दूची छोटी हे आणि दोचश्मी हे. कुणी अरबी कीबोर्डवर टाइप केले, कुणी उर्दू कीबोर्डवर, आणि दोन याद्या एकत्र केल्या की 'किताब' हा शब्द दोन वेगळे शब्द होतो. शोधताना एकच सापडतो. वर्डमधल्या शोधा-बदला खिडकीत वरच्या रकान्यात संशयित हर्फ मजकुरातून उचलून चिकटवावा, खालच्या रकान्यात उर्दू कीबोर्डने टाइप केलेला हर्फ द्यावा आणि सगळीकडे बदलावा. पाच मिनिटांचे काम आहे.

मराठी यातून सुटलेली नाही बरं का. 'ॲप'मधला 'ॲ' हे आता एक स्वतंत्र अक्षर आहे, २००८ मध्ये युनिकोडमध्ये आले. त्याआधीचे लोक 'अ'वर चंद्रकोर देत. दोन्ही दिसायला एक, शोधायला दोन. नुक्तावाला 'ज़' एका नंबराने लिहिता येतो आणि 'ज' अधिक नुक्ता असा दोन नंबरांनीही.

आणि आता नाव

इथवरच्या चुका वेळ खातात. नावातली चूक मुलाचे वर्ष खाऊ शकते.

आपल्या घरातल्या नावांचा मूळ इमला उर्दूत ठरलेला असतो, त्यात वाद नसतो. पण ते नाव इंग्रजीत आणि मराठीत लिहिताना ज्याच्या हातात पेन, त्याची मर्जी. मोहम्मद इंग्रजीत लिहिताना कुणी शेवटी 'एड' लावतो, कुणी 'एडी'च्या जागी 'एडी'आधी 'ए' लावून 'अड' करतो, कुणी नुसते 'एमओएचडी' आणि पुढे टिंब, कुणी 'एमडी'. आपण चारही ठिकाणी मोहम्मदच वाचतो. कॉम्प्युटरला ती चार वेगळी माणसे आहेत. 'शेख' इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. मराठीत रझिया, रजिया, रज़िया. आयशा, आयेशा, आएशा. टिंब असणे-नसणे आणि मधली एक जास्तीची जागा यानेही यंत्राच्या लेखी नाव बदलू शकते.

दुसरी भानगड रकान्यांची. आधार कार्डावर पूर्ण नाव एकाच रकान्यात असते. आपल्या राज्यातले बरेच अर्ज नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने मागतात, आणि कित्येकदा आडनाव सक्तीचे असते. पासपोर्टला नाव आणि आडनाव असे दोनच. आपल्याकडे अनेक घरांत आडनावच नसते, किंवा 'शेख', 'सय्यद', 'खान' कधी पुढे लागते कधी मागे. शाळेत घालताना मास्तरांनी 'शेख' आडनावात टाकले, आधारवाल्याने ते सुरुवातीला टाकले, बँकेने वडिलांचे नाव मध्ये घातले. तिन्ही कागद खरे, पण जुळत एकही नाही.

शाळांच्या यूडायस प्लस पोर्टलवर विद्यार्थ्याचे नाव आधारशी जुळवले जाते आणि अपार ओळख क्रमांक त्यावरच बनतो. तिथे एक अक्षर हलले तरी गाडी थांबते. म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की मूल पहिलीत असतानाच जन्म दाखला, आधार आणि शाळेचे जनरल रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवून एक-एक अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधी ठरवा की कोणता कागद पक्का धरायचा आणि मग बाकीचे त्याच्याप्रमाणे करा. कागदामागून कागद घाईने बदलत गेलात तर गुंता वाढतो, कारण आधारवरचे नाव साधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. दहावीचा अर्ज भरल्यावर बोर्डाकडून शाळेत प्री-लिस्ट येते. तिच्यावर मुलाची सही घेतात ती नुसती रीत नाही. मुलाला सही करण्याआधी नाव इंग्रजीत मोठ्याने अक्षर-अक्षर वाचायला सांगा, आईचे नावसुद्धा. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे छापले गेले ते पुढे सगळीकडे मागितले जाते आणि शाळा सोडल्यावर दुरुस्तीची वाट लांब होत जाते.

ज्यांच्या घरी नवीन बाळ आहे त्यांनी तर विशेष जपावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातील दुरुस्तीनुसार त्या तारखेपासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी, पासपोर्ट अशा कामांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जातो. दवाखान्यातून फॉर्म जाताना नाव घाईत तोंडी सांगू नका. घरात बसून एका कागदावर नाव तीन लिप्यांत लिहा : उर्दू, मराठी आणि इंग्रजी मोठी अक्षरे. आई-वडिलांची नावे त्यांच्या आधारवर आहेत तशीच लिहा, घरात हाक मारतो तशी नाही. मराठी नाव यंत्र इंग्रजीवरून आपोआप बनवत असेल तर 'शेख'चा 'शैख' होऊ शकतो, तेव्हा छापण्याआधी पडदा आपल्याकडे वळवून दाखवायला सांगा. क्लार्क जरा कुरकुर करेल, करू द्या. तो तीन लिप्यांचा कागद पुढे लसीकरणाच्या कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि त्याचा एक फोटो आई-वडील दोघांच्या मोबाइलमध्ये.